काइनचा चेहरा

संत गॅलसचा दिवस, ऑक्टोबर १३४८

माझ्या नवऱ्याच्या, डीटमारच्या, रंगांच्या वहीत मागची तीसचाळीस पानं कोरी राहिली होती. त्याला जाऊन सात महिने झाले, आता ती कोण भरणार? लहानपणी मठातल्या बहिणींनी मला अक्षरं शिकवली ती एवढ्याचसाठी असावीत. घरात बोलायला माणूस नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आज आनंदाची बातमी आहे. खाटकांच्या संघाने संत निकोलसच्या देवळाची उत्तरेकडची भिंत रंगवायला मला दिली. कथा काइन आणि हाबेलची. दोन भाऊ परमेश्वराला अर्पणं देतात, परमेश्वर धाकट्याचं कोकरू घेतो, थोरल्याचं धान्य घेत नाही, आणि थोरला धाकट्याला मारतो. खाटकांना कोकराची कथा हवी हे समजण्यासारखं आहे.

आमच्या चित्रकारांच्या नियमाप्रमाणे विधवेला नवऱ्याची कार्यशाळा एक वर्ष आणि एक दिवस चालवता येते. पुढे एखाद्या चित्रकाराशी लग्न करायचं, नाही तर कुलूप लावायचं. पण ही भिंत उत्तम झाली तर माझ्याच नावाने परवाना देऊ, असं आमचे म्हातारे पंच म्हणाले आहेत. वीस वर्षं डीटमारच्या भिंतींवरचे चेहरे मीच काढत होते. हे त्यांना माहीत आहे, फक्त कबूल करवत नाही.

तीन दिवसांनी

देवळातल्या फादर ऑर्टलिबकडे जाऊन कथेचा अर्थ समजावून घेतला. म्हातारा किती खुलतो अशा वेळी. हाबेल म्हणजे ख्रिस्तच, म्हणाले. भावाच्या हातून मेलेला निष्पाप मेंढपाळ. त्याच्या हातातलं कोकरूही ख्रिस्त. म्हणून हाबेलने ते उघड्या हातांनी धरायचं नाही, वस्त्रात झाकलेल्या हातांनी धरायचं, जसा पाद्री पवित्र पात्र धरतो तसं.

मी विचारलं, मग काइन कोण?

जुन्या आचार्यांच्या मते काइन म्हणजे यहुदी, म्हणाले. पण लगेच बोट वर केलं. कथा खुनापाशी संपत नाही, म्हणाले. परमेश्वर काइनवर एक खूण करतो आणि सांगतो, याला जो मारील त्याचा सातपट सूड घेतला जाईल. तेव्हा आकाशातून निघालेल्या हातातून एक लांब पट्टी सोडायची आणि त्यावर हेच शब्द लिहायचे. हे शब्द नसतील तर चित्र अर्धं राहील, असं त्यांनी दोनदा बजावलं.

पट्टीला जागा भरपूर लागणार. बघू कसं जमतं.

सर्व मृतांचा दिवस

भिंतीवर कोळशाने आराखडा केला. खाटकांच्या संघाचा प्रमुख राइनबोल्ट बघायला आला. उंच, गुलाबी, हसरा माणूस. येताना सॉसेजची माळ घेऊन आला. डीटमारच्या नमुन्यांच्या वहीतला काइन साधा शेतकरी आहे, डोक्याला टोपरं, हातात कुदळ. राइनबोल्ट बराच वेळ बघून म्हणाला, "बाई, हा तर माझा मेहुणा दिसतोय. तो आळशी आहे, पण खुनी नाही."

आम्ही दोघं हसलो. मग तो म्हणाला, याला टोकदार टोपी घाला. यहुद्यांना घालावी लागते तशी. लोकांना लगेच कळेल.

मी घातली. अशा टोप्या मी डझनभर खिडक्यांसाठी काढल्या आहेत. त्यात काही विशेष नाही.

संत मार्टिनचा दिवस

शेजारच्या गुटलिनने सफरचंदं घालून केलेला गोड पाव पाठवला. ती आणि तिचा नवरा झ्यूसकिंड वैद्य चौदा वर्षं माझ्या भिंतीला लागून राहतात. विहीर दोन घरांत एकच. डीटमार शेवटचे अकरा दिवस तापात होता तेव्हा झ्यूसकिंड रोज येऊन त्याच्या उशाशी बसत असे. यहुदी वैद्याला घरात घेऊ नये असं काही जण म्हणाले होते. मी ऐकलं नाही.

दक्षिणेकडून भयंकर बातम्या येताहेत. रोगाने गावंच्या गावं रिकामी झाली. तिथल्या यहुद्यांनी कबूल केलं म्हणे, की विहिरींत आपणच विष टाकलं. कबुली कशी घेतली ते सांगणाऱ्याने सांगितलं नाही. विहिरीवर मी झ्यूसकिंडला हे सांगितलं, तर तो बादली ओढता ओढता म्हणाला, "शेजारीणबाई, लोकांना मारायला वैद्याला विहीर कशाला लागते? त्याची औषधं आहेत ना."

मला इतकं हसू आलं. डीटमारलाही त्याचे हे विनोद आवडायचे.

दोन दिवसांनी

राइनबोल्टला तो विनोद सांगितला. तो हसला नाही. कोण म्हणालं, असं विचारलं, आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं. काही माणसांना विनोद कळतच नाहीत.

आगमनकाळाचा पहिला रविवार

हाबेल झाला. कोकरू झालं, त्याची लोकर बघून लोकांना हात लावावासा वाटतो. परमेश्वराचा हात झाला. काइनचं पिवळं वस्त्रही झालं. पिवळा राइनबोल्टने सुचवला.

चेहरा मात्र होत नाही. चार वेळा पुसला. राइनबोल्ट रोज येतो. आज म्हणाला, "चेहरा कुणाचाच नाही, बाई. आणि जो कुणाचाच नाही, त्याला बघून कोण घाबरेल?"

चित्रकलेतलं त्याला काही कळत नाही, पण हे बरोबर बोलला. त्याचाच राग आला.

संत ल्युसीचा दिवस

मिळाला.

सकाळी खिडकीत उभी होते. झ्यूसकिंड विहिरीवर पाणी काढत होता. गल्लीतून जाणाऱ्या दोघा खाटकांनी त्याच्या पाठीवर आतड्यांचा लगदा फेकला आणि काहीतरी ओरडले. तो गर्रकन वळला. डोळे मोठे, ओठ दातांवरून मागे ओढलेले, एक खांदा वर. क्षणभरच. मग त्याने मान खाली घातली, अंगरखा पुसला, बादली घेऊन आत गेला.

मी धावत कोळसा घेतला आणि दिसलं तसं फळीवर उतरवलं. पकडला गेलेला माणूस असाच दिसेल. परमेश्वराने हाक मारली, तुझा भाऊ कुठे आहे, तेव्हा काइन असाच वळला असेल.

त्याला बाहेर जाऊन काही विचारायला हवं होतं हे संध्याकाळी लक्षात आलं. तोपर्यंत उशीर झाला होता.

संत योहानचा दिवस, नाताळनंतर

भिंत गोठू नये म्हणून खाली कोळशाच्या तीन शेगड्या पेटवल्या, आणि ओल्या चुन्यावर एका बैठकीत चेहरा रंगवला. माझ्या हातून यापेक्षा चांगलं काही झालं नाही. डीटमारच्याही नाही. ते इथे लिहायला हरकत नाही.

फादर ऑर्टलिब किती तरी वेळ खाली उभे होते. मग विचारलं, हा चेहरा कुठून आणलास? मी म्हणाले, डोक्यातून. एका अर्थी खरंच आहे.

ते पट्टीबद्दलही विचारत होते. पट्टी काढली आहे, पण त्यावर अक्षरं नाहीत. राइनबोल्टचं म्हणणं, लोकांना वाचता कुठे येतं, उगाच गर्दी होते. भिंत त्याच्या संघाची आहे. मी फादरना म्हणाले, जागा पुरली नाही. ते पट्टीकडे बघत राहिले. ती हातभर लांब आहे आणि पूर्ण कोरी आहे.

तीन राजांच्या सणानंतरचा रविवार

पडदा काढला. देऊळ भरलं होतं. मागच्या बाजूने एक बाई म्हणाली, "अगं, हा तर वैद्य." मग ते नाव रांगेरांगेतून पुढे आलं, दाणे सांडल्यासारखं. झ्यूसकिंड, झ्यूसकिंड.

खोटं कशाला लिहू, माझी छाती फुगली. चेहरा ओळखू येणं म्हणजे काय असतं ते चित्रकारालाच कळतं. आमच्या पंचांतला सगळ्यांत खडूस म्हातारा जवळ येऊन म्हणाला, नजर आहे तुझ्याकडे.

राइनबोल्टने सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला.

चार दिवसांनी

झ्यूसकिंड आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "शेजारीणबाई, मी तुमच्या देवळात जाऊ लागलोय असं ऐकतो."

मी हसले, तोही हसला, पण डोळे हसत नव्हते. मग त्याने सरळ विचारलं, चेहरा बदलता येईल का. दाढी वेगळी करा, नाक वेगळं करा, काहीही. मी समजावलं की कुणी वाईट आहे म्हणून त्याचा चेहरा काढत नाहीत, प्रेषिताचा चेहरा भिकाऱ्यावरून काढतात, मरियेचा भाजीवालीवरून. माझे पंच मार्चमध्ये भिंत तपासणार आहेत; ते झालं की दाढी नक्की बदलते.

"मार्च," तो म्हणाला. जणू ते एखाद्या लांबच्या गावाचं नाव आहे.

मला थोडा रागच आला. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे हे त्याला कळायला हवं होतं. इतक्या वर्षांची ओळख.

गुटलिन आता विहिरीवर दिसते तेव्हा बोलत नाही.

संत आग्नेसचा दिवस

फादर ऑर्टलिबनी आज भिंतीकडे बोट करून प्रवचन दिलं. पट्टीवर जे शब्द नाहीत ते मी सांगतो, म्हणाले, आणि सांगितले. पोपच्या पत्रात काय लिहिलंय तेही वाचलं: रोग यहुद्यांनाही मारतो आहे, मग ते स्वतःलाच विष घालतात काय? मागे खाटकांच्या बाकांवर पाय आपटायला सुरुवात झाली. म्हाताऱ्याचा आवाज चिरकला.

माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. हे मला लागलं.

मेणबत्त्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी

फादर ऑर्टलिबना खेड्यातल्या कुठल्याशा मठात विश्रांतीसाठी पाठवलं. नवा पाद्री तरुण आहे, राइनबोल्टकडेच जेवतो.

संत ब्लासियसचा दिवस

नगरसभेत बोलावणं आलं. नुसते प्रश्न होते, भीतीचं काही नाही, असं राइनबोल्ट आधीच सांगून गेला होता.

त्यांनी विचारलं, झ्यूसकिंड वैद्याला तुम्ही विहिरीवर पाहता का. मी म्हणाले, रोज सकाळी. एकटा असतो? बहुतेक एकटाच. हातात काही असतं? बादली असते, कधी कधी औषधाच्या बाटल्या धुतो. मग त्यांनी विचारलं, लोकांना मारायला औषधं आहेत, असं तो तुम्हाला म्हणाला का?

मी म्हणाले, तो विनोद होता.

म्हणाला की नाही, एवढंच सांगा.

म्हणाला.

कारकुनाने लिहून घेतलं. मी एक शब्दही खोटा बोलले नाही. त्याच विहिरीचं पाणी मी चौदा वर्षं पिते आहे आणि धडधाकट आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही. आपण होऊन सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात राइनबोल्ट म्हणाला, बाईंना कामं आहेत, जाऊ द्या त्यांना.

येताना गुटलिन दारात उभी होती. मी मान हलवली.

उपवासकाळाआधीचा शनिवार

आज त्यांना नदीकाठच्या लाकडी घरात नेलं. सगळ्यांना, यहुदी गल्लीतल्यांनाही. मी बाहेर पडले नाही. दुपारी वारा नदीकडून आला. खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली. तरी वास येत होता.

राखेचा बुधवार

कपाळावर राख लावायला देवळात गेले. पाद्र्याने अंगठा पुढे केला आणि मी मागे सरकले. का ते मलाच कळलं नाही. मागच्या बाईने ढकललं तेव्हा पुढे झाले.

संत गर्ट्रूडचा दिवस, मार्च

परवाना मिळाला. पंचांनी एकमताने दिला. आता दारावर माझं नाव येईल: वाल्पुर्गा, चित्रकार.

विहीर दगडांनी बुजवली. पाणी नदीवरून आणावं लागतं. नगरसभेने झ्यूसकिंडच्या घरातली उत्तरेकडची खोली मला कार्यशाळेसाठी देऊ केली. उजेड फार चांगला आहे, दिवसभर एकसारखा. मधली भिंत फोडली की झालं.

अजून गवंड्याला बोलावलेलं नाही. हवा जरा गरम होऊ दे.

ईस्टरनंतरचा मंगळवार

आज देवळात गुटलिनला पाहिलं. मला वाटलं होतं, कुणीच उरलं नाही. पण जिने बाप्तिस्मा घेतला तिला सोडलं म्हणे. तिचं नाव आता कातेरिना. इस्पितळात कपडे धुते. हात कोपरापर्यंत लाल झालेत.

मिस्सा चालू असताना ती उत्तरेच्या भिंतीपाशी उभी होती, माझ्या चित्रासमोर. मी खांबामागून बघत होते. सगळे गेले तरी ती हलली नाही. मी दुसऱ्या दाराने निघाले.

संत मार्कचा दिवस

गुटलिन रोज येते. नवा पाद्री प्रवचनात तिचं उदाहरण देतो: पाहा हे नवं लेकरू किती भक्तिभावाने पवित्र चित्र बघतं. बायका तिला आता जागा देतात.

काल एक माणूस काइनवर थुंकला, सगळेच थुंकतात. तो गेल्यावर तिने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने, हात पुरेल तिथपर्यंत, भिंत पुसली. काइनचा गुडघाच पुरतो तिला.

पेंटेकॉस्टच्या आधीचा शुक्रवार

रोग आला. पहिला मेला तो नावाडी, मग नदीकाठची तीन घरं, मग राइनबोल्टची बायको. कोण कुठल्या विहिरीचं पाणी पीत होतं याचा काही हिशेब लागत नाही.

राइनबोल्ट माझ्याकडे आला. गुलाबी रंग पार उतरला आहे. बसलाही नाही, उभ्यानेच बोलला. लोक म्हणताहेत, यहुदी गेले तरी रोग आला, मग आपलं काही चुकलं का. लोकांनी असं बोलता कामा नये. काइनचे दात मोठे करा, हातांवर आणि तोंडावर रक्त रंगवा, डोळे लाल करा. बघताक्षणी कळलं पाहिजे, की आपण जे केलं ते बरोबर होतं.

"सात दिवसांत," म्हणाला. "परवाना तुमचे पंच देतात, तसा परतही घेतात."

मी बरं म्हणाले.

पेंटेकॉस्टनंतरचा मंगळवार

परांचीच्या फळ्या बांधायला गेले होते. देवळात कुणी नव्हतं, गुटलिन सोडून. या वेळी खांबामागे जाता आलं नाही. तिने मला पाहिलं होतं.

मी म्हणाले की चेहरा थोडा बदलायचा आहे. तिने मान वर करून फळ्या पाहिल्या, रंगांची भांडी पाहिली. मग म्हणाली, आमच्यात माणसाचं चित्र काढत नाहीत. घरात त्यांचं काहीही उरलं नाही, कपडेही नाहीत. हे एवढं एकच आहे. लोक समजतात मी तुमच्या देवाला बघायला येते.

मी म्हणाले, मला तसं करायचं नव्हतं.

"चेहरा त्यांचाच आहे," ती म्हणाली. "घाबरले की असेच दिसायचे. पण नदीकाठी त्यांनी मला रांगेतून बाहेर ढकललं ते डाव्या हाताने. ते डावखुरे होते, वाल्पुर्गा. जेवताना, लिहिताना, तुझ्या नवऱ्याची नाडी बघताना. चौदा वर्षं. तू कुदळ उजव्या हातात दिलीस."

मी वर पाहिलं. उजव्याच हातात आहे.

ती बोटांनी धुण्याने लाल झालेली हातांची कातडी खरवडत होती. मी घरी आले आणि डीटमारच्या उशाशी बसलेला झ्यूसकिंड आठवायचा प्रयत्न केला. चेहरा येतो. ओठ येतात, कपाळावरची शीर येते. हात येतच नाहीत. मी ते कधी पाहिलेच नाहीत.

संत बोनिफेसचा दिवस

सकाळी फळीवर चढले. लाल कालवला. काइनच्या चेहऱ्यासमोर बसले, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ. घंटा दोनदा झाली. ब्रशवरचा रंग वाळून कडक झाला. तो पुन्हा ओला केला आणि तोही वाळला.

राइनबोल्ट खाली येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, अजून सुरुवात नाही? मी म्हणाले, नाही, आणि करणार नाही. त्याने कारण विचारलं. चुना वाळला आहे, वरून लावलेला रंग धरणार नाही, असं सांगता आलं असतं आणि ते खरंही आहे. पण नगरसभेत सांगितलं तसलं खरं आता पुन्हा सांगवेना. मी म्हणाले, त्या माणसाने कुणाला मारलं नाही, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

देवळात दोघीतिघी बायका होत्या. त्या ऐकत होत्या. राइनबोल्टने हळू आवाजात सांगितलं की स्पायरहून दुसरा चित्रकार येईल, उन्हाळ्यातल्या संत योहानच्या सणाला, आणि तोपर्यंत मी कार्यशाळेतलं सामान आवरून ठेवावं. मग जाता जाता थांबून म्हणाला, असं पुन्हा कुणासमोर बोलू नका, बाई. नगरसभेच्या वहीत तुमचंही नाव आहे. त्या विहिरीवर तुम्हीही रोज जात होतात.

मी खाली उतरले. लाल रंगाचं भांडं झाकून ठेवलं. गुटलिन नेहमीच्या जागी उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार.

मी म्हणाले, चेहरा संत योहानपर्यंत आहे.

तिने ओठ हलवत बोटांवर दिवस मोजले, एकदा आणि मग पुन्हा, चुकायला नको म्हणून.

"एकोणीस," ती म्हणाली. "एकोणीस पुष्कळ झाले." आणि भिंतीकडे वळली.